एकाच घरात वाढणारी दोन मुले इतकी वेगळी कशी?

पारिजात, मुलुंड

नमस्कार. इथे मानसशास्त्र शिकवणारे, चाचण्या घेणारे आणि शाळांमध्ये प्रत्यक्ष काम करणारे काही जण आहेत, म्हणून घरात सध्या सतत चर्चेत असलेला एक प्रश्न सविस्तर मांडते.

आम्हांला दोन मुलगे आहेत. थोरला आठवीत आहे आणि धाकटा पाचवीत. दोघेही एकाच दोन खोल्यांच्या घरात, एकाच आजीच्या देखरेखीखाली वाढले आणि एकाच मराठी माध्यमाच्या शाळेत जातात. तरीही त्यांच्यात इतके अंतर आहे की परक्या माणसाला ते भाऊ आहेत असे सांगावे लागते. थोरला तान्हा असल्यापासून सावध आहे. घरी नवीन माणूस आला की तो बराच वेळ आजीला चिकटून बसत असे, आणि एकदा का रुळला की त्याच माणसाला निघू देत नसे. त्याला गणित समजायला वेळ लागतो, पण समजलेले तो विसरत नाही, आणि त्याच्या वह्या पाहून बाई कौतुक करतात. धाकटा दाराची बेल वाजली की पहिला धावतो, लोकलमध्ये शेजारच्या प्रवाशाशी दोन स्थानकांत ओळख करून घेतो, आणि हट्टाला पेटला की मजल्यावरच्या सगळ्यांना कळते. आकृत्यांचे आणि संख्यामालिकांचे प्रश्न तो पाहताक्षणी सोडवतो, मात्र प्रश्नपत्रिकेचे शेवटचे पान उलटून पाहायचे विसरतो.

यंदा दोघेही शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार आहेत. त्या परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी हाही भाग असल्यामुळे ‘धाकटा हुशार, थोरला कष्टाळू’ हे वाक्य आता नातेवाईक दोघांच्या देखत बोलू लागले आहेत. स्टेशनजवळच्या एका क्लासने दहाही बोटांचे ठसे घेऊन मुलाची जन्मजात बुद्धिमत्ता, स्वभाव आणि योग्य करिअर सांगणारा अहवाल देऊ केला आहे. त्याची फी काही हजार रुपये आहे. यजमानांचा कल तो अहवाल घेण्याकडे आहे. सासऱ्यांचे म्हणणे असे की स्वभावाला औषध नसते, त्यामुळे अहवाल घेऊनही काही उपयोग नाही.

रक्त एक, घर एक, शाळा एक असताना असे का होते, यातले जन्माने किती आणि घडवण्याने किती, बुद्धी आकड्यात मोजता येते का, आणि ठशांचा हा प्रकार कितपत विश्वासार्ह आहे, याबद्दल जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

अवलोकन, विलेपार्ले

पारिजातताई, मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. चाचण्यांविषयी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे इथे आहेत, त्यामुळे मी मुख्यतः आपल्या पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

‘रक्त एक’ हे आपल्याला वाटते तितके एक नसते. प्रत्येक मूल आईच्या आणि वडिलांच्या जनुकसंचाचा निम्मा भाग घेऊन येते, पण तो निम्मा भाग दर वेळी नव्याने निवडला जातो. माणसामाणसांत जी जनुके बदलती असतात, त्यांच्यापैकी सरासरी निम्मी सख्ख्या भावंडांमध्ये समान असतात. ही केवळ सरासरी आहे. हजारो भावंडांच्या जोड्यांची प्रत्यक्ष जनुकीय मोजणी करणारा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांपासून ६२ टक्क्यांपर्यंत बदलताना आढळले. म्हणजे काही भावंडे जनुकांच्या दृष्टीने इतरांपेक्षा एकमेकांच्या बरीच जवळ असतात आणि काही बरीच दूर. बुद्ध्यंकाची, म्हणजे बुद्धिमत्ता चाचणीतून निघणाऱ्या आकड्याची, सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (सरासरीच्या दोन्ही बाजूंना गुण किती पसरतात त्याचे माप) १५ धरले, तर रस्त्यावरून जाणाऱ्या कोणत्याही दोन माणसांच्या बुद्ध्यंकांत सरासरी १७ गुणांचा फरक पडतो, आणि एकत्र वाढलेल्या सख्ख्या भावंडांतही तो सुमारे १२ गुणांचा असतो. व्यक्तिमत्त्वाच्या बाबतीत भावंडांमधले साम्य याहूनही कमी आहे. तेव्हा आपल्या घरात जे दिसते आहे ते सर्वसामान्य आहे, आणि त्यासाठी आपल्या संगोपनात कुठे उणीव राहिली असे मानण्याचे काहीच कारण नाही.

जन्माने किती, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मुख्य मार्ग जुळ्यांच्या अभ्यासातून गेला. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, तर द्विबीज जुळी साध्या भावंडांइतकीच जवळची असतात. दोन्ही प्रकारच्या जोड्या किती सारख्या आहेत याची तुलना केली की जनुकांच्या वाट्याचा अंदाज येतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात टॉमस बूशार्ड यांनी १९७९ पासून जन्मतःच विलग होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांना शोधून त्यांचा अभ्यास केला, आणि प्रौढपणी त्यांच्यातले साम्य पाहून अनेक शास्त्रज्ञ चकित झाले. पुढे २०१५ साली जुळ्यांवरच्या अडीच हजारांहून अधिक शोधनिबंधांचा, म्हणजे जवळपास १ कोटी ४५ लाख जोड्यांच्या माहितीचा, एकत्रित आढावा घेण्यात आला. शरीराच्या आणि मनाच्या सर्व गुणधर्मांची सरासरी घेता आनुवंशिकतेचे प्रमाण ४९ टक्के निघाले. व्यक्तिमत्त्वाचे गुण ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास येतात. बुद्धीच्या बाबतीत हे प्रमाण लहानपणी कमी असते आणि वयाबरोबर वाढत जाते, याचे पुष्कळांना नवल वाटते. मोठे होताना माणूस आपल्या कलाप्रमाणे मित्र, पुस्तके, छंद आणि काम निवडू लागतो व त्या निवडींमुळे मुळातला कल आणखी बळावतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

या टक्केवारीचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा, कारण सुशिक्षित घरांतही इथेच घोळ होतो. ‘आनुवंशिकता ५० टक्के’ याचा अर्थ आपल्या धाकट्याचा निम्मा हट्ट जनुकांतून आला आणि निम्मा आजीच्या लाडातून आला, असा होत नाही. एखाद्या विशिष्ट समाजात, विशिष्ट परिस्थितीत, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती भाग जनुकीय फरकांशी जुळतो, एवढेच तो आकडा सांगतो. एकट्या व्यक्तीला तो लागू करता येत नाही. शिवाय परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. उंचीचेच पाहा. पोषण चांगले असलेल्या समाजात उंचीतले फरक मोठ्या प्रमाणावर आनुवंशिक असतात, तरीही कित्येक देशांत नातवंडे आजोबांपेक्षा सरासरी काही सेंटिमीटरने उंच निघाली, आणि तेवढ्या काळात जनुके बदललेली नव्हती.

आता ‘घर एक’ याविषयी. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी १९८७ साली एक गाजलेला निबंध लिहिला, त्याचा विषय नेमका आपला प्रश्न होता: एकाच कुटुंबातली मुले एकमेकांहून इतकी निराळी का? व्यक्तिमत्त्वाच्या बाबतीत भावंडांना सारखी मिळणारी परिस्थिती, म्हणजे घराचे उत्पन्न, आईवडिलांचे शिक्षण, घरातली शिस्त, त्यांना एकमेकांसारखे बनवण्यात आश्चर्य वाटावे इतकी कमी पडते, असे त्यांनी दाखवले. प्रत्येक मुलाच्या वाट्याला स्वतंत्रपणे येणारी परिस्थिती अधिक परिणाम करते. थोरल्याला पहिली काही वर्षे आईवडिलांचे अविभाजित लक्ष मिळाले असेल, धाकट्याला जन्मापासून घरात एक मोठा भाऊ मिळाला. एकाला लाभलेले शिक्षक, मित्र, झालेले आजार, भेटलेल्या संधी दुसऱ्याच्या वाट्याला येत नाहीत. त्याहीपुढे जाऊन, शांत मुलाशी आपण जसे वागतो तसे हट्टी मुलाशी वागत नाही, कारण मुलाचा स्वभाव आपल्याकडून वेगळे वागणे करवून घेतो. म्हणून दोन भाऊ एका छताखाली राहूनही काही अंशी दोन वेगळ्या घरांत वाढतात.

आपण थोरल्याचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना अॅलेक्झांडर टॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या दीर्घकालीन अभ्यासाची आठवण झाली. त्यांनी शंभराहून अधिक मुलांचे तान्हेपणापासून पुढे अनेक वर्षे निरीक्षण केले. भुकेची आणि झोपेची नियमितता, नव्या गोष्टीला दिलेला पहिला प्रतिसाद, बदलाशी जुळवून घेण्याची क्षमता, प्रतिक्रियेची तीव्रता अशा नऊ अंगांनी त्यांनी उपजत स्वभाव मोजला. सुमारे ४० टक्के मुले सहज सांभाळता येणारी होती, सुमारे १० टक्के कठीण, सुमारे १५ टक्के सावकाश रुळणारी, आणि उरलेली कोणत्याच गटात न बसणारी, संमिश्र. पुढे हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर नवी खेळणी, आवाज, वास आणले, तेव्हा सुमारे पाचातले एक बाळ जोरजोरात हातपाय झाडून रडले. ही बाळे पुढे बुजरी होण्याची शक्यता अधिक होती, पण त्यांच्यातली बरीचशी मोठेपणी मध्यम स्वभावाची निघाली. उपजत स्वभाव पुढच्या वाटेची शक्यता वाढवतो, वाट ठरवून टाकत नाही.

टॉमस आणि चेस यांचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष मला वेगळाच वाटतो. कोणते मूल पुढे अडचणीत येईल हे केवळ स्वभावावरून त्यांना सांगता आले नाही. मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर ते अवलंबून होते. आपल्या मुंबईत हा मेळ बिघडवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. सावकाश रुळणाऱ्या मुलाला सकाळच्या गर्दीत धावत लोकल पकडायला लावणारे शहर त्याला रुळायला अवधीच देत नाही, आणि ज्याला धावल्याशिवाय राहवत नाही अशा मुलासाठी इमारतीखाली गाड्या सोडून मोकळी जागा उरलेली नाही. मुलांत दोष शोधण्यापूर्वी हे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

गिरगावकर

मी प्राथमिक शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. शास्त्रीय बाजू वर उत्तम मांडली आहे, मी केवळ एका गोष्टीकडे लक्ष वेधते.

‘धाकटा हुशार, थोरला कष्टाळू’ हे वाक्य मुलांच्या कानावर पडणे पारिजातताईंनी आजपासून थांबवावे, नातेवाईकांना वाईट वाटले तरी चालेल. वर्गात असे मी वारंवार पाहिले आहे. ज्याला हुशार म्हटले जाते तो अवघड गणिताला हात लावायचे टाळू लागतो, कारण चुकले तर हुशारी गेली असे त्याला वाटते. ज्याला कष्टाळू म्हटले जाते त्याला त्यातून ऐकू येते की आपल्याकडे मुळात काही नाही. दोघांचेही नुकसान होते, आणि दोघांनाही एकमेकांचा राग येऊ लागतो. व्यक्ती तितक्या प्रकृती हे आपल्या आजीपणजीला ठाऊक होते, त्यांनी त्या प्रकृतींची उतरंड लावली नव्हती.

मापन, ठाणे

मी गेली अनेक वर्षे मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेतो आहे, त्यामुळे ठसे आणि आकडा या दोन मुद्द्यांवर लिहितो.

ठशांच्या अहवालावर पैसे खर्च करू नका. बोटांवरच्या रेषा गर्भावस्थेच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास पक्क्या होतात आणि त्यांच्या घडणीत आनुवंशिकतेचा वाटा असतो, एवढे खरे आहे. डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या काही अवस्थांत हातावरच्या रेषांची ठेवण वेगळी दिसते, हेही खरे आहे. या दोन खऱ्या गोष्टींवर पुढचा सगळा डोलारा उभा केला जातो: प्रत्येक बोट मेंदूच्या एकेका भागाशी जोडलेले आहे, अमुक बोटावर चक्र असेल तर तमुक बुद्धी अधिक, वगैरे. सर्वसामान्य मुलांमध्ये असा संबंध सिद्ध झालेला नाही. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. ठशांच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले फ्रान्सिस गॉल्टन हे व्यक्तिभेदांच्या अभ्यासाचेही आद्य प्रवर्तक होते, आणि ठशांवरून माणसाचा स्वभाव ओळखता येईल अशी त्यांची मोठी अपेक्षा होती. ती अपेक्षा फोल ठरली, हे त्यांनी १८९२ सालच्या आपल्या ग्रंथात स्वच्छ लिहून ठेवले आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तपासून बाजूला ठेवलेली कल्पना आज चकचकीत फायलीत घालून पालकांना विकली जाते, याची मला चीड येते.

बुद्धी आकड्यात मोजता येते का? मर्यादित अर्थाने येते, आणि ती मर्यादा समजली तर आकडा उपयोगी पडतो. फ्रान्समध्ये अल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली पहिली व्यवहार्य श्रेणी, म्हणजे क्रमाने अवघड होत जाणाऱ्या प्रश्नांची चाचणी, तयार केली, ती शाळेत ज्यांना जादा मदतीची गरज आहे अशी मुले शोधण्यासाठी. बुद्धी जन्माला येतानाच कायमची ठरते हे बिने यांना मान्य नव्हते, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष व स्मरण यांचे व्यायामही सुचवले होते. १९१२ साली जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला (मूल कोणत्या वयाच्या सरासरी मुलाइतके प्रश्न सोडवते ते वय) प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली, आणि १९१६ साली अमेरिकेत लुइस टर्मन यांनी बिने श्रेणीची नवी आवृत्ती काढल्यावर बुद्ध्यंक हा शब्द सर्वत्र गेला. आज तो भागाकार कोणी करत नाही. डेव्हिड वेक्सलर यांच्यापासून रूढ झालेल्या पद्धतीत मुलाची तुलना त्याच्या वयाच्या इतर मुलांशी होते. सुमारे ६८ टक्के मुले ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात आणि सुमारे ९५ टक्के ७० ते १३० यांच्या दरम्यान.

आपल्या भाषेतही हे काम जुने आहे. वि. वि. कामत यांनी बिने श्रेणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने प्रमाणित केली, आणि बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही अनेक केंद्रांत वापरली जाते. नागपूरच्या आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप १९६९ च्या सुमारास तयार केले. निरक्षरांनाही देता येतील अशा, ठोकळे आणि आकृत्यांच्या कृती चाचण्या चं. मो. भाटिया यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केल्या. या चाचण्यांचे निकष, म्हणजे ज्यांच्याशी मुलाच्या गुणांची तुलना होते ते आकडे, जुने झाले आहेत ही त्यांची मोठी अडचण आहे, कारण न्यूझीलंडमधले संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली अमेरिकेबाबत आणि १९८७ साली इतर देशांबाबत दाखवून दिल्याप्रमाणे पुष्कळ देशांत दर दशकाला सरासरी सुमारे तीन गुणांनी लोकांची कामगिरी वाढत गेली आहे. जुन्या निकषांवर आजचे मूल मोजले की आकडा फुगतो.

शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीतल्या गुणांना बुद्ध्यंक समजू नये. त्या प्रश्नांचा वर्षभर सराव करून घेतला जातो, आणि सरावाने सोपे झालेले प्रश्न मग सराव किती झाला तेवढेच मोजू लागतात. धाकटा आकृत्या पटापट ओळखतो त्याला प्रवाही बुद्धी म्हणतात. थोरला जे साठवतो, जपतो आणि वापरतो ती संचित बुद्धी. हा भेद रेमंड कॅटेल यांचा आहे. पहिली साधारणपणे विशीच्या आसपास शिखर गाठून पुढे हळूहळू ओसरते, दुसरी पन्नाशी-साठीपर्यंत वाढत राहते. तिसरी गोष्ट चिकाटी आणि नीटनेटकेपणाची. व्यक्तिमत्त्वाचे जे पाच मुख्य गुण आज मानले जातात, म्हणजे नव्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता, त्यांतल्या कर्तव्यदक्षतेचा बुद्ध्यंकाशी जवळजवळ संबंध नाही, पण शालेय यशाशी आहे. म्हणून हुशार आणि कष्टाळू ही एकाच पट्टीची दोन टोके मुळीच नाहीत. एखाद्या मुलात दोन्ही गुण भरपूर असू शकतात.

चाचणी कधी करावी? एखादे मूल इतर सर्व बाबतींत चलाख असून वाचन, लेखन किंवा गणितात सतत अडखळत असेल, तर अवश्य करावी. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. आपल्या वर्णनात तसे काही मला दिसले नाही.

पारिजात, मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. ठशांचा विचार सोडला आहे, आणि गिरगावकर बाईंचे लिहिणे यजमानांनाही वाचून दाखवले. तरी दोन शंका उरतात. सासऱ्यांचे ‘स्वभावाला औषध नाही’ हे म्हणणे मग खरे मानायचे का? आणि थोरल्याच्या दहावीला आता फार वेळ उरलेला नाही, तेव्हा त्याची अभिक्षमता (एखादे काम शिकण्याची क्षमता) किंवा कल तपासून शाखा ठरवणे योग्य होईल का?

फळा, धारावी

मी महानगरपालिकेच्या शाळेत शिकवतो. वरची चर्चा मोलाची आहे, पण ती दोन खोल्या, आजी आणि क्लासची फी असलेल्या घरांची आहे. आनुवंशिकतेचे आकडे वाचताना माझे विद्यार्थी डोळ्यांसमोर येतात, म्हणून लिहितो.

एरिक टर्कहाइमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांच्या बुद्ध्यंकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुस्थितीतल्या घरांत मुलांमधले फरक मुख्यतः जनुकांशी जुळत होते, पण गरीब घरांत जनुकांचा वाटा जवळजवळ शून्यावर आला होता आणि घरच्या परिस्थितीचा वाटा प्रचंड होता. ज्या मुलाला रात्री नीट झोपायला जागा नाही, त्याच्या अंगी काय आहे ते बाहेर येणारच कसे?

आपल्या देशातलाही एक पुरावा आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना संशोधकांनी हंगामापूर्वी पैशांची चणचण असताना आणि ऊस विकून पैसे हाती आल्यावर, अशा दोन्ही वेळी तर्काच्या चाचण्या दिल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्याच माणसांनी तंगीच्या काळात ठळकपणे कमी गुण मिळवले. माणूस तोच, जनुके तीच, काही महिन्यांत आकडा मात्र वेगळा. माझ्या वर्गातल्या मुलाच्या वडिलांचे काम सुटले की त्या आठवड्यात तो मुलगा पाढे विसरतो, हे मी पाहतो तेव्हा मला नवल वाटत नाही. आणि शाळाही बुद्धी वाढवते. सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१८ साली झाले, त्यात शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे बुद्ध्यंक एक ते पाच गुणांनी वाढतो असे आढळले. म्हणून सातवी-आठवीत शाळा सोडायला निघालेल्या मुलीसाठी मी तिच्या आईवडिलांकडे पुन्हा पुन्हा जातो. बुद्धी जन्मजात आहे असे म्हणून स्वस्थ बसणे मला परवडत नाही.

अवलोकन, विलेपार्ले

फळा सरांनी लिहिलेल्या गोष्टी मला मान्य आहेत, आणि त्यांच्यासारखे शिक्षक असणे ही त्या मुलांच्या परिस्थितीतली फार मोठी गोष्ट आहे. अभ्यासक म्हणून एक पुरवणी जोडतो: टर्कहाइमर यांचा निष्कर्ष अमेरिकेतल्या पुढच्या अभ्यासांत बऱ्याच अंशी टिकला, पण पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात तसा आढळला नाही. त्या देशांत आरोग्यसेवा आणि शाळा अधिक समान रीतीने पोहोचतात, हे त्याचे कारण असू शकते. तसे असेल तर सरांचा मुद्दा अधिकच बळकट होतो.

पारिजातताई, आपल्या सासऱ्यांच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. समवयस्कांच्या तुलनेत माणसाचे स्थान बरेच टिकून राहते, आणि वय वाढते तसे अधिकच टिकते. बुद्धीच्या बाबतीत याचा एक विलक्षण पुरावा स्कॉटलंडमध्ये आहे. १९२१ साली जन्मलेल्या तिथल्या जवळजवळ सर्व मुलांची, म्हणजे सुमारे ८७ हजारांची, १ जून १९३२ रोजी एकच चाचणी घेतली गेली. त्यांच्यापैकी काहींना शोधून इयन डिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंच्याहत्तरी उलटल्यावर तीच चाचणी पुन्हा दिली, तेव्हा दोन निकालांतला सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.६ हून अधिक निघाला. पण स्थान टिकणे म्हणजे माणूस न बदलणे नव्हे. ९२ दीर्घकालीन अभ्यासांचा आढावा २००६ साली घेतला गेला, त्यात विशीपासून चाळिशीपर्यंत बहुतेक माणसे अधिक जबाबदार आणि भावनिकदृष्ट्या अधिक स्थिर होत जातात असे स्पष्ट दिसले. धाकट्याचा आजचा हट्ट पंचविशीत याच रूपात राहील असे मानू नका.

मेरी रॉथबार्ट यांच्या मांडणीनुसार उपजत स्वभावाची दोन अंगे आहेत: एखाद्या गोष्टीने मन किती चटकन उसळते, आणि त्या उसळीला आवर किती घालता येतो. पहिल्या अंगावर आपला फारसा इलाज नाही. दुसरे मात्र बालपणभर वाढत जाते आणि त्याला हातभार लावता येतो. न्यूझीलंडमध्ये डुनेडिन इथे १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. लहानपणीच्या आत्मसंयमाचा बत्तिसाव्या वर्षीच्या आरोग्याशी आणि आर्थिक स्थितीशी संबंध त्यात आढळला, बुद्ध्यंक आणि घरची स्थिती हिशेबात धरूनही. म्हणून धाकट्याला रागावण्याऐवजी एक ठरलेली सवय द्यावी: प्रश्नपत्रिका हातात आली की आधी सगळी पाने मोजायची, आणि मगच पेन उचलायचे. थोरल्याला परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्र दाखवून आणावे, वर्ग कुठे, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे ते पाहू द्यावे, म्हणजे रुळायला लागणारा त्याचा वेळ पेपरातून वजा होणार नाही.

शाखेविषयी. आवड आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही स्वतंत्र चाचण्यांनी पाहाव्या लागतात. जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या, माणसांच्या आणि कामांच्या सहा प्रकारांच्या सिद्धांतावर आवडीच्या अनेक चाचण्या आधारलेल्या आहेत. आवडी बाराव्या-तेराव्या वर्षीही काही अंशी स्थिर असतात, पण अठरा ते बावीस या वयात त्या बऱ्याच अधिक पक्क्या होतात. त्यामुळे आठवीतल्या निकालावरून शाखा नक्की करू नये. दहावीच्या वर्षी, प्रशिक्षित समुपदेशकाकडून, अभिक्षमता आणि आवड या दोन्ही चाचण्या एकत्र घ्याव्यात, अहवाल मुलासमोर बसून समजावून घ्यावा, आणि निवडीचा शेवटचा शब्द त्याचा असावा. खासगी क्लासकडे जाण्यापूर्वी शासकीय मार्गदर्शनाची सोय आहे का, याची चौकशी करावी. तोवर त्याला वेगवेगळी कामे जवळून पाहू द्या. ओळखीचे कोणी प्रयोगशाळेत, न्यायालयात, छापखान्यात किंवा रेल्वेच्या कारखान्यात काम करत असतील तर सुट्टीत एखादा दिवस त्यांच्याबरोबर घालवू द्या, आणि पहिल्या तासात तो काही बोलला नाही तर निष्कर्ष काढण्याची घाई करू नका.